डायरेक्टरचे प्रेक्षक

डायरेक्टर कुठल्याही नाटकाला आला की रंगमंचाकडे पाठ करून बसायचा. तिकडे कोण मरतंय, कोण रडतंय याच्याशी त्याला कर्तव्य नसे. तो लोकांची तोंडं पाहत बसे. मागचा एखादा वैतागून म्हणायचा, "अबे, तिकडं पाय ना!" हा शांतपणे सांगायचा, "तिकडं काय हाय? खरं नाटक तं इकडं चालू हाय."

साठ सालाच्या आगेमागे यवतमाळच्या वसतिगृहात तो आणि मी एका खोलीत राहायचो; डायरेक्टर हे पोरांनी त्याला ठेवलेलं नाव. त्याचं घर फुलसावंगीजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात. आज्यानं बैलांवर मीठ वाहिलं, बापानं नांगर धरला आणि हा कॉलेजात आला. काहीही पाहिलं की याचा सवाल एकच, "हे कोनासाठी?" मेसची भाजी तिखटजाळ झाली की आचाऱ्यालाही तो हेच विचारी, आणि आचारी त्याला उलथणं दाखवी.

त्यानं एक रहस्यनाटक लिहिलं. खून होणारा तरुण तो स्वतः, खुनी मी. स्नेहसंमेलनात पोरांनी त्याची पार वाट लावली. भाड्यानं डिटेक्टिव्ह कादंबऱ्या आणून वाचणारी ती पोरं, दुसऱ्याच प्रवेशात माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, "हाच हाय बे!" डायरेक्टर खचला नाही. "हे आपले प्रेक्षक नाहीत," म्हणाला, "ज्याले शेवट सुचतच नाही, तो आपला मानूस." असे लोक त्याच्या मते त्याच्या तांड्यात होते. शिवाय बापाचा निरोप आला होता: शिक्षण पुरे, शेतीला माणूस नाही. तांड्याला नाटक आवडलं तर बाप विरघळेल, अशी बिचाऱ्याला आशा होती. म्हणून नाटकातले आम्ही चार-पाच जण त्याच्यासोबत तांड्यावर गेलो.

तांड्याची एक रीत मात्र हा शहाणा विसरला. खेळ करणाऱ्यानं आधी सगळ्यांसमोर अख्खी गोष्ट सांगायची, मग नायक, म्हणजे तांड्याचा म्होरक्या, परवानगी देणार.

"नायकबाबा, सांगतलं तं मजा जाते."

"जाऊ दे. बायापोरं बसतीन इथं. मरते कोन, मारते कोन, सांग अगुदर."

डायरेक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? त्यानं सगळं सांगून टाकलं.

दुपारी लिंबाखाली आम्ही रडतखडत सुरुवात केली. आणि नवल असं, की कुणी जागचं हललं नाही. शेवट ठाऊक होता म्हणूनच सगळे जीव मुठीत धरून बसले. बाप चिलीम पेटवायची विसरला. डायरेक्टर आपलं काम सोडून हळूच ती तोंडं पाहत होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मग मी लाकडी चाकू काढला. त्याची याडी, म्हणजे आई, घागरा सावरत उठली, सरळ आमच्यात आली आणि त्याला मिठी मारून उभी राहिली. तो त्यांच्या बोलीत समजावत राहिला, लोक हसले, नायक ओरडला. ती हटेना. मला मराठीत म्हणाली, "बाबू, मालूम असून मी कशी बसू?"

मी चाकू खाली ठेवला.

खेळ तिथंच थांबला. बाप विरघळला होता, "जाऊ दे याले यवतमाळले," असं चारचौघांत म्हणालाही. पण याडीनं ऐकलं नाही. पोराचं मरण तिनं समोर येताना पाहिलं होतं. ते खोटं होतं, हे तिला कोण पटवणार? तिच्यापुढे बापाचंही चाललं नाही.

सकाळी तो आम्हाला एस.टी.वर सोडायला आला. याडी सोबत होतीच. "बा हो म्हने ना लेका," हे त्यानं मला दोनतीनदा ऐकवलं. कंडक्टरनं घंटी दिली, मी पायरीवरून त्याला वर घ्यायला हात पुढे केला. त्याचा सदरा तिच्या मुठीत होता. सुटायला एक झटका पुरला असता. तो त्याला देववला नाही, आणि 'दे' असं माझ्याही तोंडून निघालं नाही.