टेकडीमागचे घोडेस्वार

मिरजेच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून पडलेला माणूस भेटायला आलेल्याशी काय बोलेल? मुलाबाळांचं बोलेल, देवाचं नाव घेईल. आमच्या दिनकरने, म्हणजे निवृत्त सुभेदारांनी, मला खुणेने जवळ बोलावलं आणि म्हणाला, "मास्तर, टेबलाला हात लावायचा न्हाई. चाल माजी हाय." मी म्हटलं, बाबा रे, तुझीच आहे, आधी बरा हो. त्याने डोळे मिटून घेतले… आमची तीच शेवटची भेट. पुढच्या रविवारी पहाटे तो गेला आणि मला कळलं दुपारी. फोन घरी चार्जिंगला लावून मी मंडईत गेलो होतो. भेंडी निवडता निवडता त्याची डावी फळी कशी फोडायची याचे बेत करत होतो आणि चांगलाच खुशीत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी जिंकायला आलो होतो. आणि हा गृहस्थ स्वतःची चाल तशीच ठेवून निघून गेला. याला काय म्हणावं?

आमचा खेळ म्हणजे प्राचीन काळच्या लढाया. बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, हत्ती, रथ. प्लायवूडच्या टेबलावर भुशाच्या टेकड्या. फूटपट्टी, फासे आणि नियमांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक. ही सगळी पेटी दिनकरला पलटणीतल्या एका साहेबाने बदली होताना देऊन टाकली होती. पेन्शन घेऊन तो तासगावला द्राक्षबागेत आला तेव्हा पेटीही आली, पण पुस्तक काही उलगडेना. म्हणून पुतण्याच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर कोण, असं विचारत तो मिरजेला माझ्या दारात उभा राहिला. एका दुपारचं काम समजून मी हो म्हटलं आणि त्यानंतरचे माझे सगळे रविवार तासगावच्या एसटीत गेले.

नियम कसले, नुसती कटकट! उतारावर असलात तर अधिक एक, दमला असलात तर वजा एक, शेजारची तुकडी पळताना दिसली तर आणखी वजा. एका लढाईला तीन-तीन रविवार लागायचे. बाण पोचतो की नाही यावर केसाएवढ्या अंतरासाठी अर्धा तास हुज्जत. त्यात फूटपट्टी त्याची, आणि ती शून्याच्या खुणेपासून नाही, लाकडाच्या टोकापासून धरायची हा हट्टही त्याचाच.

मेलेल्यांचा हिशेब बेदाण्यांनी चालायचा. तुकडीतले जितके पडले तितके बेदाणे तिच्यामागे मांडायचे. खेळ त्याच्या बेदाण्याच्या शेडला लागून असलेल्या खोलीत, तेव्हा माल हाताशीच. पण विचारात पडलो की माझा हात आपोआप तोंडाकडे जातो. माझे मेलेले मीच खाऊन टाकायचो आणि माझी तुकडी पुन्हा ताजीतवानी! एकदा यावरून दिनकर इतका तापला की डाव टाकून बागेत निघून गेला. शेवटी त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, तोडगा काढला. दोन वाट्या. स्टीलची खायची, पितळेची मेलेल्यांची.

मग पुतण्याने पुण्याहून नवे नियम आणले. सुटसुटीत, दीड तासात लढाई खलास. मला फार आवडले. दिनकरने दोन पानं चाळली आणि बाजूला ठेवली. आमचं अडलं ते एका नियमावर. जुन्या पुस्तकात सेनापती पडला, की ज्या तुकड्यांना तो पडताना दिसला त्यांच्यासाठी फासा टाकायचा. टिकतात की पळतात ते फासा ठरवणार. टेकडीमागे असलेल्यांना मात्र काही दिसलेलं नसतं, म्हणून ते लढत राहतात, कुणी जाऊन सांगेपर्यंत. नव्यात असलं काही नाही. सेनापती पडला की सगळ्या सैन्याचे गुण सरसकट वजा. मी म्हटलं, किती सोपं आहे बघ. तर म्हणाला, "असं कुटं असतंय व्हय रं? ज्याला दिसलं न्हाई, त्यो लढतोच की. बातमी पोचायला येळ लागतो." सीमेवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाने लढाईबद्दल माझ्याशी काढलेले शब्द एवढेच. मीही पुढे विचारलं नाही.

तो गेल्यावर महिन्याभराने वहिनींचा फोन आला. "आवं भावजी, द्राक्षं उतरायला लागल्यात, खोली पायजे. म्या कशालाच हात लावला न्हाई. तुमीच काय ती चाल खेळा आन उचला."

गेलो. हत्तींवर धूळ बसली होती आणि मांडलेले बेदाणे मुंग्यांनी वाहून नेले होते, एकही शिल्लक नाही. आता कुणाचे किती पडले ते कुणाला विचारायचं? सवयीने वहिनींनी दोन्ही वाट्या आणून ठेवल्या. मी अंदाजाने पुन्हा बेदाणे मांडले. त्याची चाल खेळायला काही हात धजेना. मग त्याचा रथातला सेनापती उचलला आणि आडवा ठेवला. ज्या तुकड्यांना दिसत होतं त्यांच्यासाठी एकेक फासा टाकला, सगळे अधिक-वजा धरून, फूटपट्टी लाकडाच्या टोकापासून लावून. भालेवाले पळाले. धनुर्धारी पळाले. हत्ती वळून आपल्याच माणसांत घुसले. मी जिंकत होतो आणि मला रडू येत होतं.

राहिले टेकडीमागचे घोडेस्वार. त्यांना काही दिसत नव्हतं. वाकून, डोळा टेबलाला लावून पाहिलं. टेकडी मध्ये येत होती. नव्या नियमांनी लढाई तिथेच संपली असती. पण दिनकरच्या पुस्तकाप्रमाणे ते अजून लढतायत, म्हणजे मी अजून जिंकलेलो नाही. मेल्यावरसुद्धा हा माणूस सुखाने जिंकू देत नाही! बाकीचं सगळं पेटीत भरलं. वहिनी म्हणाल्या, हे राहिलं की. मी म्हटलं, राहू द्या, त्यांना अजून दिसलेलं नाही. त्यांनी पदराने खिडकी पुसली आणि एकेक घोडेस्वार उचलून तिथे उभा केला, बागेकडे तोंड करून.

खोलीत आता बेदाण्याची खोकी आहेत. रविवारी मी जातो, खोक्यावर बसतो, वहिनी दोन वाट्या ठेवतात. घोडेस्वार खिडकीत आहेत. कुणीतरी जाऊन सांगावं लागतं, असं पुस्तकात आहे. ते काम माझ्याच्याने होणार नाही.