बेअरिंग रडून राहिली

पोलाद कारखान्यातल्या रोलिंग मिलचा फिटर भैयालाल दर शनिवारी संध्याकाळी कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टरच्या क्लबात सिनेमाचं मशीन चालवायचा. अकरा वर्षांत त्याच्या हाताखाली ते एकदाही बिघडलं नव्हतं, आणि हे तो आपल्या खुर्सीपार वस्तीत भेटेल त्याला ऐकवायचा.

त्या शनिवारी साहेब लोकांनी विलायती सिनेमा मागवला. गोष्ट नाही, हिरोईन नाही. मैदानात अफाट गर्दी आणि मंचावर चार झिपरे गिटारवाले. दहाव्या मिनिटाला असं काही किंचाळलं, की भैयालालनं झटक्यात मशीन बंद केलं. मोटरीची बेअरिंग गेली! त्यानं तेल सोडलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा किंचाळी, पुन्हा बंद. खाली शिट्ट्यांचा कल्लोळ.

क्लबचे सेक्रेटरी श्यामराव धापा टाकत मशीनच्या केबिनमध्ये आले. "अरे बाबा, कावून बंद करून राहिला?"

"साहेब, बेअरिंग रडून राहिली!"

"गिटार हाय ते! लोक त्याच्यासाठीच आले."

"मंग उद्या बेअरिंग खरंच रडली, तर मले कसं समजन?"

"ते उद्या पाहू. आता बंद केलं, तर केबिनची चाबी देऊन घरी जा!"

भैयालालनं चडफडत कानांत कापूस कोंबला आणि मिलमध्ये ठेवायचा तसा तळहात मोटरीवर ठेवला. बेअरिंग जायला लागली की मोटर तापते; कान फसले तरी हात फसत नाही. सिनेमा संपेस्तोवर त्यानं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी बायकोनं, कौशल्यानं विचारलं, "कसा होता सिनेमा?"

"काय सांगू तुले! दोन घंटे जीव जाऊन राहिल्यावानी वरडला," तो तळहात चोळत वैतागला, "अन् हात लावून पाहा, तं अंगात जराही ताप नाही!"