उरलेल्या बॅटरीवरचं घर

व्हिडिओवाल्या फोकसने घोळ घातला तो भर रिसेप्शनमध्ये. नवरा-नवरीची फिल्म लावायची होती, आणि मोठ्या पडद्यावर अवतरले त्याचे स्वतःचे वडील. बनियनवर, पाय पसरून, नखं कापत. मागून फोकसच्या बायकोचा आवाज: "अण्णा, नखं उडतायत पिठात!" अख्खा हॉल खो-खो हसला. नवरीचा बाप तेवढा हसला नाही.

फोकस हे त्याचं लोकांनी पाडलेलं नाव; एका स्टुडिओत तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा. लोकांची लग्नं उरकून घरी आला, की कॅमेऱ्यात उरलीसुरली बॅटरी असेल तिच्यावर आपलं घर टिपायचा. कधी बायकोची कुकरशी चाललेली झटापट, कधी मुलीची जेमतेम एक जांभई. बॅटरी संपली की त्या दिवसापुरतं घर संपलं. लग्नाची आणि घरची, दोन्ही फिल्मा एकाच पेन ड्राइव्हवर ठेवल्या, तिथे नडलं.

सकाळी मालक तयारच होता. "ते घरचं सगळं आत्ताच्या आत्ता पुसून टाक, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. आणि बॅटरी कुणाची रे ती?"

"बॅटरी तुमची, शेठ. जांभई माझ्या पोरीची."

"नखं कापणारा म्हातारा कोण बघणार?"

"काल सगळ्यांनी बघितला की! तुमची ड्रोनची फिल्म लागली तेव्हा लोक ताटावर होते."

हे मालकाला झोंबलं, कारण खरं होतं. "एवढं काय ठेवलंय रे त्यात?"

"लग्नात सगळे मी सांगेन तसं हसतात, शेठ. घरी माझं कुणी ऐकत नाही. म्हणून तर बघत बसावंसं वाटतं."

कॅमेरा त्याने टेबलावर ठेवला. पेन ड्राइव्ह त्याचा स्वतःचा होता, तो खिशात घालून बाहेर पडला.

घरी बायको कणीक मळत होती. "नोकरी गेली?"

"गेली."

"आणि अण्णांची नखं?"

"ती शाबूत आहेत."

"धन्य आहे! लोकांच्या बायका नटूनथटून पडद्यावर, आणि मी जन्मभर पिठाच्या हातांनी ओरडतेय. केस विंचरून माझं एक शूटिंग करणार होतात ना?"

फोकसने काच तडकलेला मोबाइल काढून तिच्यावर धरला.

"अहो, हात तरी धुऊ द्या!"

"नको धुऊस. ओरड."

ती मनापासून ओरडली. विंचरलेल्या केसांचं शूटिंग मात्र तो तिला अजून देणं लागतो.