फोटो आहे, वाकवू नये

फोटो काढताना कुणी हसायला सांगतं, कुणी केस नीट करायला सांगतं. मोजणीसाहेब पत्ता विचारायचे. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई असो की एस.टी.च्या टपावर पोती चढवणारा हमाल, साहेब खिशातून वही काढून म्हणणार, "आधी पत्ता सांगा. मुक्काम, पोस्ट, तालुका." पत्ता लिहून झाला की मगच गळ्यातल्या कॅमेऱ्याचं चामडी घर उघडायचं. एवढ्या चौकशीनंतर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो काही भाव उरेल तो फोटोत यायचा, आणि तो बहुतेक वेळा संशयाचा असायचा.

ते जमीन मोजणीच्या खात्यात मोजणीदार होते. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. साताऱ्याकडचा हा माणूस बदली होऊन आमच्या देऊळगाव राजाला आला. मी तिथल्या पोस्टात कारकून होतो. साहेबांची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेलेली, मूलबाळ नाही. बालाजीच्या देवळामागे एक खोली, खानावळीचा डबा. साखळी आणि झेंड्या घेऊन जिल्हाभर हिंडायचं, लोकांचे बांध मोजायचे आणि उरलेल्या वेळात फोटो काढायचे. हाच त्यांचा संसार.

कॅमेरा साधाच होता. माणूस किती लांब उभा आहे तो आकडा हाताने फिरवून लावावा लागे. म्हणून साहेब माणसाला उभं करून उलट्या पावलांनी मागे जायचे, तोंडाने मोजत, "एक, दोन, तीन..." आता मोजणीदार अंगणात पावलं मोजायला लागला म्हटल्यावर कुणाच्या पोटात गोळा येणार नाही? सिंदखेडकडच्या एका म्हातारीने त्यांना दारातच अडवलं होतं. "साहेब, माह्या अंगनात कायची मोजनी आनली? म्या कोनाचं काई दाबलं नाई." साहेबांनी समजावलं, आजी, फोटो काढतोय. तर म्हणाली, "मंग मांगं मांगं काऊन जाता? म्या काय खाते तुमाले?" हा किस्सा ते मला दर दोन महिन्यांनी सांगायचे, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मीही दर वेळी नव्याने हसायचो.

त्यांच्या फोटोंत बघण्यासारखं काय आहे, हे गावाला कधी कळलं नाही. बालाजीच्या यात्रेत सगळे पालखीकडे धावत असताना साहेब देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या बाईसमोर उकिडवे बसलेले. मी विचारलं तर म्हणाले, "देवाचा फोटो घरोघरी आहे. हिचा हिच्या घरीसुद्धा नसेल." नांदुऱ्याला कामासाठी गेले की स्टेशनवर जायचे. गाडी येताना, माणसं चढताना कॅमेरा बंद. गाडी निघून गेली की बाहेर काढायचे. तसले त्यांचे कितीतरी फोटो मी पाहिले. रिकामा फलाट आणि परत फिरलेली दोन-तीन माणसं, पाठमोरी. "जाणाऱ्याचं बरं असतं हो," ते म्हणाले, "त्याला पुढचं स्टेशन असतं. पोचवायला आलेल्याने घरी जाऊन काय करायचं?" मी तेव्हा पंचविशीत होतो. साहेब जरा विक्षिप्तच आहेत, एवढंच मला त्यातून कळलं.

रीळ धुवायला जालन्याला जायचं. फोटो परत आले की साहेब दोन रविवार बसून पाकिटं तयार करायचे. आत पुठ्ठा, पुठ्ठ्याला फोटो, सोबत चार ओळींची चिठ्ठी आणि पाकिटावर लाल शाईने, 'फोटो आहे, वाकवू नये'. ज्याचा फोटो त्याला तो पोचलाच पाहिजे, असा त्यांचा नेम होता. गठ्ठा माझ्यापुढे ठेवून सांगायचे, "शिक्का जरा हळू मारा. आत माणसं आहेत." मी हळू मारायचो. पुढच्या पोस्टात काय व्हायचं ते देव जाणे.

आणि मग ते उत्तराची वाट बघायचे. गावात असले की अकराच्या सुमाराला, टपाल वाटून झालं की, खिडकीशी यायचे. "आमचं काही?" सरकारी लखोटे असायचे, ते मी द्यायचो. ते घेऊन उभेच राहायचे. "आणखी?" "नाही, साहेब." मग लोकांच्या वतीने ते स्वतःच कारण द्यायचे. पेरणीचे दिवस आहेत. लग्नसराई आहे. पुलावरून पाणी असेल. घरात लिहिणारं कुणी नसेल. माणसांनी उत्तर का दिलं नाही याची इतकी कारणं त्यांच्याजवळ होती, की मला कधी कधी त्यांचा रागच यायचा. दोन वर्षांत शंभरावर पाकिटं माझ्या हातून गेली असतील. उत्तर एकाचंही आलं नाही.

त्यातला एक फोटो त्यांच्या फार जवळचा होता. देऊळघाटच्या सखाराम माळ्याचा. वांग्यांच्या टोपलीशेजारी बसलेला बोळका म्हातारा, डोळे मिटेपर्यंत हसणारा. पाकीट बंद करण्याआधी साहेबांनी तो मला दोनदा दाखवला. "बाकीचे कॅमेऱ्याकडे बघतात. हा माणूस माझ्याकडे बघत होता. 'साहेब, तुमी जेवले का?' असं विचारलं त्यानं. फिरतीवर मला हे कुणी विचारत नाही." या पाकिटाचं उत्तर येणार याची त्यांना खात्री होती. ते पावसाळ्यात गेलं. दसरा आला तरी उत्तर नव्हतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी पोस्टात भेटकार्डांचा आणि पत्रांचा नुसता ढीग पडला होता. साहेब खिडकीशी आले, ढिगाकडे बघत राहिले. "आमचं काही?" मी मान हलवली. नेहमीप्रमाणे ते काहीतरी कारण सांगतील म्हणून मी थांबलो. त्या दिवशी त्यांना कारण सापडलं नाही. तसेच उभे राहिले, मागच्या माणसाने "सरका ना जी" म्हटलं तेव्हा सरकले.

त्याच आठवड्यात मला कामासाठी देऊळघाटजवळच्या बुलढाण्याला जायचं होतं. जाण्याआधी मी घरी बसून एक पत्र लिहिलं. अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढलं. 'साहेबाले सखारामचा रामराम. फोटो भेटला. घरचे सारे पाहून राह्यले. म्या भितीवर लावला. तुमाले लय आशीर्वाद. इकडे आले त घरी येजा, भरीत-भाकर खाऊन जाजा.' बुलढाण्याच्या पेटीत ते टाकलं आणि मोठं पुण्य केल्यासारखा परत आलो.

चूक कुठे झाली ते सांगतो. पोस्टाच्या ओट्यावर बसून मी लोकांची पत्रं लिहून द्यायचो, आठवड्याला पन्नास तरी. आणि आमच्याकडचं कुठलंही पत्र 'एकदा येऊन जा' म्हटल्याशिवाय संपत नाही. लिहिणाऱ्याला ते बोलावणं वाटत नाही, वाचणाऱ्यालाही वाटत नाही. माझ्या हाताला ती सवयच लागली होती. पण साहेबांना तसलं पत्र कधी आलेलंच नव्हतं.

पत्र मीच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते खिडकीशी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. "बघा," म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?" चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आणि मग ते म्हणाले, "शनिवारी जाऊन येतो. एवढं बोलावलंय तर गेलं पाहिजे."

माझी पाचावर धारण बसली. नका जाऊ म्हणावं तर का ते सांगावं लागणार. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. साहेब धोतराला इस्त्री करत होते. एरवी ते खाकी पँटीत असायचे. सखारामच्या नातवंडांसाठी पेढ्यांचा पुडा आणून ठेवला होता. मी पाणी पिऊन परत आलो.

सोमवारी ते खिडकीशी आले. मी मान वर करत नव्हतो. "जाऊन आलो," साहेब म्हणाले. "भरीत-भाकरी झाली. सगळे बरे आहेत." माझा जीव भांड्यात पडला. सखारामला पत्राचं काही कळलं नसेल, पण त्याने साहेबांना ओळखलं असेल, निभावून नेलं असेल, असं काहीतरी मी मनाशी जुळवत होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "सखारामबुवांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय." सखाराम मला ओळखत नव्हता. माझं नावही त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. मी वर पाहिलं. साहेब तिकिटं नीट घडीवर फाडत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर ते आले की तिकिटं घ्यायचे, पाकिटं द्यायचे आणि जायचे. "आमचं काही?" हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. वाट बघायची त्यांची सवय मी मोडली होती. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली चांद्याकडे झाली. जालन्याच्या गाडीवर पोचवायला मी एकटाच होतो. आज सांगून टाकू, असं ठरवूनच गेलो होतो. तेवढ्यात साहेबांनी मला कडुनिंबाखाली उभं केलं आणि पावलं मोजत मागे गेले. फोटो काढून झाला, गाडी लागली, आणि माझं सांगायचं राहिलं.

महिन्याभराने पाकीट आलं. आत मी, डोळ्यांवर ऊन आलेला, काहीतरी बोलायला तोंड उघडलेला. सोबतची चिठ्ठी चार ओळींपेक्षा लांब होती. 'तुम्हाला खरे कळावे म्हणून लिहितो. सखारामबुवांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. भिंतीवर मी काढलेलाच त्यांचा फोटो होता, हार घातलेला. तेराव्याच्या आदल्या दिवशी पोचला म्हणे. त्यांची सून म्हणाली, हा आला म्हून भितीवर मानूस हाय, नाई त चेहरा इसरलो असतो. लिहिता कोणालाच येत नाही, म्हणून कळवले नाही. मी खिशातले पत्र बाहेर काढले नाही. तिने जेवू घालूनच पाठवले. परतीच्या गाडीत पाकीट पुन्हा पाहिले. पत्त्याखाली दोन रेघा तुम्हीच मारता. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही बोलावले नसते तर मला हे कधीच कळले नसते. ते पत्र जपून ठेवले आहे. सवडीने दोन ओळी लिहा.'

मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली असेल! त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो. 'साहेबांस सा. नमस्कार' एवढं लिहिलं आणि अडलो. दुसऱ्यांच्या नावाने भराभर लिहिणारा माझा हात स्वतःच्या नावाने लिहायला तयार होईना. उद्या लिहू म्हटलं. मग दिवाळीला लिहू म्हटलं. साहेब लोकांसाठी जी कारणं शोधायचे ती सगळी मी माझ्यासाठी वापरली. असं दीड वर्ष गेलं.

एके दिवशी नवे मोजणीदार पाकिटावर लावायला तिकिटं घ्यायला आले. बोलता बोलता मी साहेबांची चौकशी केली. "ते गेले ना हो," ते म्हणाले. "मागच्याच महिन्यात, चांद्याला. खोलीवर एकटेच होते." मी त्यांना तिकिटं दिली. त्यांच्या मागे चार माणसं उभी होती, त्यांचंही काम केलं.

देऊळघाटच्या त्या घरात कुणाला लिहिता येत नव्हतं. मला येत होतं.