ऑनलाइनकाकांचा मॉनिटर

ऑनलाइनकाकांच्या मॉनिटरचं तोंड मी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. वडवणीच्या बसस्टँडसमोर त्यांचं सेवा केंद्र होतं. आपण टेबलाच्या अलीकडे बाकावर, काका पलीकडे, आणि मधे त्या मॉनिटरची काळी पाठ. तिच्यावर देवीचं एक स्टिकर होतं. आपलंच नाव, आपलेच मार्क, आपल्याच बापाचं उत्पन्न पलीकडे टाइप होत असायचं आणि आपण देवीकडे बघत बसायचं. जरा मान वाकडी केली की काका डाफरायचे, "तुला समजून काय करायचंय माय? तू निस्ती बस."

काका यंदा दिवाळीच्या आधी गेले. बसस्टँडवर त्यांचा मोठा फ्लेक्स लागला, 'गोरगरीब विद्यार्थ्यांचा आधारवड'. तो वाचून माझं डोकं फिरलं. शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "लई भला माणूस व्हता." भला होताच, मी कुठं नाही म्हणते? काका कुणाला लुबाडत नव्हते. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे, नड दिसली तर फॉर्मचे पैसेही घ्यायचे नाहीत. लबाड असते तर बरं झालं असतं. लबाडाशी उघड भांडता येतं. चहा पाजणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला आजही समजलेलं नाही.

त्यांची दुसरी खोड नंबराची. प्रत्येकाच्या अर्जावर ते स्वतःचा मोबाइल नंबर टाकायचे. कारण मात्र बिनतोड असायचं. आमच्या घरात एकच फोन, तो आबांच्या खिशात, आणि आबा अर्धं वर्ष मेंढरांमागे. "तुमच्या रानात रेंज न्हाई आबा. मेसेज माझ्याकडं येऊ द्या, मी सांगतो की." आबा मान डोलवायचे. मग फोन वाजला की काका चष्मा कपाळावर चढवून "आला बघा ओटीपी!" असं ओरडायचे, जणू तो त्यांनीच पाठवलाय. अर्ध्या तालुक्याच्या पोरापोरींची ॲडमिशनं त्या एका शर्टाच्या खिशात होती.

बारावीनंतर मला फार्मसीला जायचं होतं. मेंढरांना जंताचं औषध पाजताना बाटलीवरचं बारीक अक्षरातलं सगळं वाचायची मला लहानपणापासून सवय. मार्क चांगले होते. आमच्यासारख्यांची बहुतेक फी शिष्यवृत्तीतून भरली जाते, एवढं ऐकून माहीत होतं. पण त्यासाठी प्रवेश सरकारी फेरीतूनच झालेला लागतो, ही अट मला ठाऊक नव्हती. काकांना ठाऊक असणार असं मी धरून चालले होते. बाटलीवरचं वाचणारी मी, स्वतःचा अर्ज मात्र वाचायला मागितला नाही. तो मूर्खपणा माझा.

पहिल्या फेरीची यादी लागणार त्या आठवड्यात मी दोनदा जाऊन विचारलं. "यिल की गं, घाई कावून करती?" तिसऱ्यांदा गेले तर काका कानाची पाळी चोळत म्हणाले, "तुझं तर नाव लागलतं गं संभाजीनगरला! मी नारायणगडाला दर्शनाला गेलतो ना, लई मेसेज आलते. तुझा दबला त्यात." कॉलेजात हजर व्हायची मुदत आदल्या दिवशी संपली होती. पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळून ते घेतलं नाही, म्हणून पुढच्या फेऱ्यांतूनही मी बाहेर. काकांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले नाही.

त्यावर त्यांनीच उपाय काढला. "वळखीचं खासगी कॉलेज हाय. थेट सीट घिऊ. यंदाची फी भरा आबा, शिष्यवृत्ती मागून येतीच." आबांनी व्यापाऱ्याशी वीस मेंढरांचं बोलणं करून टाकलं. म्हणजे निम्मा कळप. आई त्या रात्री जेवली नाही.

खासगी कॉलेजचा अर्ज भरायच्या दिवशी, आबा खुर्चीत बसलेले असताना, मी बाकावरून उठले आणि टेबलाला वळसा घालून काकांच्या मागे जाऊन उभी राहिले. असं कुणी करत नसे. मला फार राग आला होता, एवढंच कारण. पलीकडे पाहिलं तर कीबोर्डशेजारी एक शाळकरी वही उघडी. तिच्यात चौकोन काढलेले, बाण काढलेले, खाली लिहिलेलं, 'निळं बटण, मग उजवीकडं खाली.' स्क्रीनवर सगळं इंग्रजी, आणि काकांचं बोट वहीतल्या बाणावरून सरकत होतं. काका वाचत नव्हतेच. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

स्क्रीनवरचा बाण एका चौकोनापाशी थांबला होता. त्याच्या शेजारचं बारीक अक्षर मी वाचलं. "काका, थांबा. ह्यात लिहिलंय, थेट सीट घेतली की फी माफी मिळणार न्हाई, आणि ते मला मान्य हाय."

"कुठं?"

मी बोट ठेवलं. काकांनी वहीतला तोच चौकोन शोधून त्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "हे तर मी दर साली टिक करतो गं."

माझ्याआधी किती जणी त्या बाकावर बसून गेल्या असतील? मी आबांना म्हटलं, "मेंढरं इकायची न्हाईत. चला." ते वर्ष मी कळपामागे काढलं. काकांची दया आली का? आली. पण राग गेला नाही. बाकावर बसलेल्या बारावीच्या कुठल्याही पोरीनं त्यांना ती ओळ वाचून दाखवली असती. विचारण्यात कमीपणा वाटला म्हणून त्यांनी मॉनिटर फिरवून ठेवला, आणि त्याची किंमत दुसऱ्यांच्या पोरींनी दिली.

पुढच्या वर्षी सगळा अर्ज मी स्वतः भरला, वर्षभर पैसे साठवून घेतलेल्या स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नंबरावर. कॉलेज मिळालं, ह्या खेपेला फेरीतून. निघायच्या दिवशी कागदांच्या प्रिंट काढायला मात्र काकांकडेच जावं लागलं. त्यांनी स्वतःहून मॉनिटर माझ्याकडे वळवला. "बघ माय, बराबर हाय का." मग वही पुढे सरकवून विचारलं, "ती फी माफीची वळ कोणती व्हती गं?" मी सांगितली. त्यांनी बाणाशेजारी फुली मारली. मला वाटलं, चला, शिकले.

तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आत आल्या. मुलगी बारावीची असावी, हातात नवी फाइल. काकांनी मॉनिटर पुन्हा स्वतःकडे फिरवला. "नंबर माझाच टाकतो बाई, तुमी निस्तं बसा."

मी तिथंच होते. दोन वाक्यं बोलले असते तर पुरलं असतं. पण बीडची एसटी लागली होती, कंडक्टरनं घंटी दिली, आणि मी कागद उचलून पळाले. खिडकीची जागा मिळाली. तिथून केंद्राचं दार सरळ दिसत होतं. ती मुलगी देवीच्या स्टिकरकडे बघत बसली होती.