जामीन राहिलेल्याची बायको

जिन्याखालच्या चिंचोळ्या गाळ्यात शिलाई मशीन टाकून ती कपड्यांच्या चेन बदलून द्यायची, म्हणून सगळी गल्ली तिला चेनवाली म्हणायची. कुणी पँटची कंबर वाढवायला आणली, की ‘कापड आटलं की पोट सुटलं?’ असं विचारल्याशिवाय ती टेप हातात घ्यायची नाही. गिऱ्हाईक हसायचं आणि पुन्हा यायचं.

तिचा नवरा बेकरीचा टेम्पो चालवायचा. भला माणूस. इतका भला, की मोठ्या भावाने व्यायामशाळा काढायला पतसंस्थेतून कर्ज घेतलं, तेव्हा हा एक ओळही न वाचता जामीन राहून आला. घरी सांगितलं तेही जेवता जेवता, मीठ मागावं तसं. व्यायामशाळा बघता बघता बंद पडली. दादाने हप्ते भरायचं सोडलं आणि पतसंस्थेने टेम्पोवाल्याच्या पगाराला हात घातला.

चेनवाली तिथल्या साहेबाकडे गेली. “कर्ज त्यांनी घेतलं, मग पगार आमचा का कापता?”

“त्यांचा पगारच नाही ना बाई, तुमचा आहे,” साहेब म्हणाला.

म्हणजे राबणाराच सापडतो! ती धुमसत घरी आली.

मग काटकसर सुरू झाली. दूध निम्म्यावर आलं. संध्याकाळी सगळे एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली बसू लागले. लेक पोहायला शिकत होती, एक दिवस तीच म्हणाली, “आई, मला पाण्याचा कंटाळा आलाय.” पोर धडधडीत खोटं बोलत होती. तरी चेनवालीने क्लास बंद केला. तिची स्वतःची दाढ किडली. वाचवायची तर बराच खर्च, उपटायची तर किरकोळ. “उपटा,” ती डॉक्टरला म्हणाली.

एवढं होऊनही दादाविरुद्ध नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटेना. “तो तरी काय करणार? अडचणीत आहे बिचारा.”

आणि एका दुपारी मोठी जाऊ दुकानात आली. हातात जाडजूड नवं जॅकेट.

“ह्यांच्या जॅकेटची चेन अडकतेय गं. जरा लगेच बदलून दे. बर्फ बघायला निघालोय आम्ही.” मग स्टुलावर टेकत तिने दुकानावरून नजर फिरवली. “तुम्ही जरा खर्चाला आवर घाला हं. आम्ही बघ, बाहेर चहासुद्धा पीत नाही.”

चेनवालीच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून जाऊ वाचली.

जाऊ गेल्यावर तिने एकेक टाचणी काढून डबीत ठेवली, दुकानाचं शटर ओढलं आणि तडक बेकरीचं फाटक गाठलं. नवरा टेम्पोतून ट्रे उतरवत होता.

“अहो, हात पुसा आणि चला.”

“कुठे?”

“बर्फ बघायला.”

दादा सोफ्यावर पाय पसरून बसले होते. भावजयीचा अवतार बघून त्यांनी पाय खाली घेतले. दोन वाक्यं ऐकताच म्हणाले, “हे बघ, ही आम्हा भावाभावांतली गोष्ट आहे. तू यात पडू नकोस.”

“मी पडले नाही भाऊजी, मला ढकललंय. सही यांची, आणि दाढ माझी गेली! पोरीचं पोहणं गेलं! तुम्ही आमच्या जिवावर बर्फात खेळणार?”

“तिकिटं आधीच काढली होती.”

“हप्ता त्याच्याही आधीचा होता!”

नवरा मागून तिचा पदर ओढत होता. तिने तो हिसकून घेतला. “माझ्याकडे वकीलबाई कपडे टाकतात. जामीनदाराने भरलेला पैसा कर्जदाराकडून वसूल करता येतो, विचारून ठेवलंय मी. तिकिटं रद्द करा, नाहीतर कोर्टात भेटू.”

“कोर्ट? सख्ख्या भावाला?” जाऊ आतून किंचाळली.

“भाऊ यांचा सख्खा. माझी लेक मला सख्खी.”

तिकिटं रद्द झाली. चार दिवस फोनाफोनी झाली, नातेवाईकांनी चेनवालीला उद्धट ठरवलं, कुणी तिला घर फोडणारी म्हणालं. शेवटी दादाने पुढच्या महिन्यापासून अर्धा हप्ता भरायचं कबूल केलं.

नवरा हसत हसत घरी आला. “ऐकलंस का? दादाने मोठं मन केलं बघ!”

ती ताडकन उभी राहिली. स्वतःच्या कर्जाचा अर्धा वाटा उचलला तर मन मोठं, आणि इतके दिवस ज्यांनी त्याचं सगळं ओझं वाहिलं, त्यांचं काय? पण तिने वाद घातला नाही. उरलेल्या अर्ध्यासाठी वकीलबाईंची वेळ तिने तिथेच फोन करून घेतली. तुम्ही येणार का, हे तिने नवऱ्याला विचारलंही नाही.