अस्वलांच्या रानात अबोला

नवऱ्यानं मला न विचारता पुण्याच्या बदलीला हो म्हणून टाकलं, तेव्हापासून आमच्यात अबोला होता. दिवाळीला देऊळघाटला दिरांकडे गेलो, तर तिथंही तेच. शेवटी जाऊबाई वैतागल्या. "खिंडीपल्याडच्या तळ्यावर जाऊन या दोघं," म्हणाल्या. "पन बोलत जाजा. रानात अस्वलं हायेत. मानसाचा आवाज आला का ते सोताच बाजूले होते."

त्यांचा डाव मला कळत होता. पण अस्वलंही खरीच होती.

चढ सुरू झाला. सागाच्या वाळक्या पाल्यात जरा काही खसफसलं की मी थबकून मागंपुढं बघायचे. बोलायला तर हवं, पण याच्याशी? मी मुद्दाम मोठमोठ्यानं खोकत चालले. मग तो कंडक्टरसारखा ओरडायला लागला, "चला मेहकर, सुलतानपूर, दुसरबीड!" एरवी मी हसले असते. तेव्हा नुसती चिडचिड झाली.

गावांची नावं संपली आणि तो गप्प झाला. खिंडीच्या तोंडाशी, अगदी जवळ, झुडूप जोरात हललं. आम्ही जागीच थांबलो. झुडपाकडे बघत तो ओरडला, "तू नाही म्हनशील म्हनून नाही इचारलं!"

मीही झुडपालाच ओरडले, "इचारून तं पाहाचं होतं! आली असती मी!"

झुडपातून मोर निघाला आणि तोऱ्यात निघून गेला.

खिंड ओलांडली तसं खाली तळं दिसलं. उताराला नुसतं गवत होतं, लांबवरचं दिसत होतं; आता ओरडायची गरज नव्हती. पाण्यापाशी पोचल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "बरं, आता इचारतो. येशील?"

हेच ऐकायला माझा जीव इतके दिवस तडफडत होता. आणि ऐकलं, तर तोंडातून हो निघेना. बुलढाण्यातली माझी शाळा, सकाळी घाटाच्या कडेनं एकटीनं चालणं, यातलं काहीच मला सोडायचं नव्हतं. रागाच्या भरात तेवढा विचारच केला नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "मले नाही याचं."

त्यानं पाण्याकडे बघत मान हलवली. "मले वाटलंच होतं," म्हणाला.

म्हणजे त्याचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.